बूट शेवटी

कुठलंही अडलेलं काम समोर आलं की तो आधी डोळ्याखाली बोट टेकवायचा, मग तळहात पुढे करायचा, मग ओठांना बोट लावायचा आणि सगळ्यात शेवटी पायातला सेफ्टी शू जमिनीवर आपटायचा. "आधी डोळा, मग हात, मग तोंड. बूट शेवटी." कंपनीच्या बसचा दरवाजा अडकलेला असो की कँटीनमधलं पाण्याचं मशीन बंद पडलेलं असो, क्रम ठरलेला. नवीन माणसाला वाटायचं, हा कुठल्या तरी देवाला नमस्कार करतोय.

देव नव्हता, गेम होता. मोटरसायकलवाल्याचा एक जुना कॉम्प्युटर गेम, तुमच्यापैकी काहींनी खेळलाही असेल. मारामारी थोडी, शोधाशोध जास्त. पडद्यावर कुठेही माउसने टिचकी मारली की चार चित्रं उघडायची: डोळा, हात, तोंड, बूट. समोरची वस्तू नुसती बघायची, उचलायची, माणूस असेल तर त्याच्याशी बोलायचं की सरळ लाथ घालायची, हे आपण ठरवायचं. बाकीचे लोक असे गेम खेळतात आणि विसरून जातात. याने त्याच्यावर आख्खं आयुष्य बेतलं होतं.

आमचा कारखाना चाकणला. मोटरसायकली बनवायचो आम्ही. लाइनच्या शेवटी तयार झालेली गाडी तो किक मारून सुरू करायचा, जागच्या जागी रोलरवर पळवायचा आणि मग बाहेरच्या ट्रॅकवर एक फेरी मारून आणायचा. फेरी किलोमीटरभराची. शोरूममध्ये गिऱ्हाइकाने कोरी गाडी म्हणून घेतली तरी तिच्या मीटरवर थोडं अंतर असायचंच, आणि ते बहुतेक वेळा याचं असायचं. मी स्टोअरला, लाइनला लागेल ते सामान काढून द्यायला. दोघंही रहाटणीहून कंपनीच्या एकाच बसने जायचो. तो मूळचा जालन्याकडचा. इतकी वर्षं इकडे राहूनही त्याच्या बोलण्यातलं 'काहून' काही गेलं नव्हतं, आणि ते घालवायची त्याला गरजही वाटली नव्हती.

तो गेम त्याला आयटीआय करताना काळेवाडीच्या एका सायबर कॅफेत सापडला. तिथल्या कॉम्प्युटरचा आवाज बंद होता. पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती वाचून होण्याआधीच पळायची. त्यामुळे कोण कोणाला काय म्हणतंय हे याला काहीच कळलं नाही. पण म्हणून तो थांबला असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही त्याला ओळखलंच नाही. त्याने चेहरे बघून, हातवारे बघून सगळी गोष्ट स्वतःच जुळवली आणि शेवटपर्यंत गेला.

ती गोष्ट आमच्या आख्ख्या बसला पाठ होती. एक मोटरसायकलचा कारखाना असतो. तिथे एक म्हातारा मेकॅनिक असतो, सगळ्या गाड्या त्याच्या हाताखालून गेलेल्या. एक सुटाबुटातला साहेब त्याला मारतो, कारण साहेबाला मोटरसायकल बंद करून दुसरंच काहीतरी बनवायचं असतं. मग तो बायकर येतो, साहेबाचा निकाल लावतो आणि कारखान्यातली शेवटची गाडी घेऊन रस्त्याला लागतो. "काहून, तर म्हाताऱ्याचा तसा शब्दच व्हता. शेवटची गाडीबी चालली पाह्यजे म्हनून." इथे आला की त्याचा आवाज जरा जड व्हायचा, आणि मागच्या सीटवरचे लोक मुद्दाम टाळ्या वाजवायचे.

मोशीच्या पुढे बस अडकली की गेमवरच्या मतांचा बाजार भरायचा. पेंट शॉपमध्ये ताथवड्याच्या कॉलेजमधून आलेला एक इंजिनीअर होता. त्याने तो गेम विकत घेतला होता, नव्या चकचकीत चित्रांसकट. पाचपैकी तीन तारे देऊन मोकळा झाला होता आणि बाकीच्या खेळणाऱ्यांनी काय काय लिहिलंय ते मोबाइलवर मोठ्याने वाचून दाखवायचा. हे सगळं फक्त याला पेटवण्यासाठी.

"भाऊ, हा म्हणतोय, गेम फार लहान आहे. एका संध्याकाळात संपतो."

"संपत नाय, पुरा व्हतो. दोन्हीत फरक हाये. पुढचा वाचा."

"मारामारीचा भाग कंटाळवाणा आहे."

"मारामारी कराला सांगितलं कोनी? बूट शेवटी म्हनलंय ना."

"एका ठिकाणी भिंतीवर नेमकी जागा शोधून लाथ मारावी लागते. ती जागा सापडतच नाही. वैताग येतो."

यावर तो पुढे वाकून त्या इंजिनीअरच्या तोंडासमोर बोट नाचवायचा. "एका दिवसात वैतागला? आमी या रोडनं रोज जातो, राव. त्याला म्हणा, चाकण चौकात ये एकदा."

सगळी बस हसायची. तो हसायचा नाही. रात्री घरी जाऊन त्या लोकांच्या इंग्रजी मतांखाली तो मराठीत उत्तरं लिहायचा. 'तुम्ही नीट खेळला नाही. परत खेळा.' दूर कुठल्या देशातल्या माणसाने ती अक्षरं बघून काय समजूत करून घेतली असेल, देव जाणे. मी त्याला म्हटलंही, अहो, त्यांना वाचता येणार नाही. तर म्हणाला, "त्यांचं मला कुठं आलं व्हतं वाचता? मी खेळलोच ना?"

शेवटी एका रविवारी मीच तो गेम खेळून बघितला, कानाला हेडफोन लावून, एकेक वाक्य ऐकत. सोमवारी बसमध्ये बसल्या बसल्या त्याला गाठलं. मला राहवेना.

"भाऊ, तुमची गोष्ट चुकलीय. तो म्हातारा मेकॅनिक नाहीच. तो कंपनीचा मालक आहे."

"मालक?" त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्या म्हाताऱ्याला मारलं होतं. "ताई, त्याच्या हाताला ग्रीस हाये. तुमी बघितलं का नाय? मालकाच्या हाताला ग्रीस असतंय?"

"असेल. पण मालकच आहे. आणि शेवटी तो बायकर जी गाडी नेतो ना, ती त्याची स्वतःची जुनी गाडी. कारखान्यातली शेवटची वगैरे काही नाही."

त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. भोसरी गेली, मोशी गेली. मला वाईट वाटायला लागलं. कशाला नाक खुपसलं, असं झालं. मग तो वळला आणि एखाद्या खोट असलेल्या पार्टवर लाल चिठ्ठी चिकटवावी तसं म्हणाला, "मंग त्यांनी बनवताना चुकवला."

झालं. गेम बनवणारे चूक, खेळणारे चूक, मी चूक. त्याची गोष्ट बरोबर. मला त्याचा राग आला आणि खरं सांगायचं तर त्याच दिवसापासून तो मला जास्त आवडायला लागला.

पुढे आमच्याच कारखान्यात ती वेळ आली. आमचं जुनं मॉडेल बंद करून त्या जागी बॅटरीवरच्या स्कूटरची लाइन टाकायचं ठरलं. आता यात कोणी कोणाला मारलं नाही. स्कूटर चांगली होती, धूर नाही, आवाज नाही. पण स्कूटरला आवाज नाही, किक नाही, त्यामुळे तपासणारे पूर्वीएवढे लागणार नव्हते. तपासणीतल्या बऱ्याच जणांना जायला सांगितलं. याला मात्र प्लांटच्या साहेबांनी नव्या लाइनवर घ्यायचा शब्द दिला होता. पुनावळ्यात त्याने नुकताच फ्लॅट बुक केला होता. बस त्याला सांगत होती, आता गप्प राहा आणि दिवस काढ.

तोही गप्प होता. मग त्याला कळलं की जुन्या मॉडेलची शेवटची गाडी विकायची नाही, रिसेप्शनमध्ये काचेच्या मागे ठेवायची आहे. तिच्यात ऑइल भरायचं नाही, पेट्रोल भरायचं नाही, रोलर नाही, ट्रॅक नाही. लाइनवरून उतरली की फुलं घालायची आणि सरळ काचेत. आत ठेवायची गाडी स्वच्छ पाहिजे, असं वरून आलं होतं.

माझ्याकडे स्टोअरला आला तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता. "ताई, कोरडीच ठेवनार म्हणं. पोर जन्मलं आन् त्याला रडूबी द्यायचं नाय?"

त्याने क्रम सोडला नाही, हे मी शपथेवर सांगेन. गाडी लाइनवर चढल्यापासून तो प्रत्येक टप्प्यावर जाऊन बघत उभा राहायचा. डोळा झाला. मग त्याचं काम नसताना तिची चेन, तिच्या केबल हाताने तपासल्या. हात झाला. मग साहेबांच्या केबिनमध्ये गेला. तिथे काय झालं ते त्यानेच सांगितलं. साहेबांनी त्याला बसवलं, चहा पाजला, नीट ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हते ते. म्हणाले, "तुमची भावना समजते. पण ती गाडी आता गाडी नाही, आठवण आहे."

"मी म्हणलं, साहेब, चाललीच नाय तर आठवन कशाची?" तो मला सांगत होता. "तर म्हणले, असा काही प्रकार करू नका की तुमाला दिलेला शब्द मला मागं घ्यावा लागंल."

तोंडही झालं.

तो काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. "ताई, इंजिन ऑइल लागंल. आन् बाटलीभर पेट्रोल."

मी म्हटलं, "भाऊ, फ्लॅटचं काय?"

"फ्लॅट मलाच घ्यायचाय ना? तिथं राहनारबी मीच. त्या घरात मला झोप लागली पाह्यजे."

मी दिलं. मला कोणी विचारलं नाही, विचारलं असतं तर तोंडावर सांगितलं असतं. इतकी वर्षं त्या स्टोअरमधून मी त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीसाठी ऑइल-पेट्रोल दिलं होतं. शेवटचीला उपाशी पाठवायचं कोणाच्या सांगण्यावरून? आजही कोणी मागितलं तर देईन.

कार्यक्रमाच्या दिवशी लाइनच्या शेवटी मांडव घातला होता. पुण्याच्या ऑफिसातून मोठे लोक आले, गाडीला हळदकुंकू लागलं, हेडलाइटला झेंडूचा हार घातला, नारळ फुटला. भाषणं झाली. शेवटची गाडी म्हणून फोटो निघाले. मग दोन जणांनी तिला ढकलत रिसेप्शनकडे न्यायचं होतं, आणि त्या दोघांतला एक हा होता. धुतलेला गणवेश, पॉलिश केलेले सेफ्टी शू.

त्याने हँडल धरलं. साहेबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, सगळ्यांनी वाजवल्या. त्या आवाजात तो गाडीवर बसला तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं फोटोसाठी बसलाय. मला दिसत होतं; ऑइल-पेट्रोल त्याने सकाळी सगळे यायच्या आधीच भरलं होतं. त्याने पेट्रोलचा कॉक फिरवला. सेल्फ स्टार्टचं बटण होतं, तिकडे बघितलंही नाही. उजव्या पायाने किक उघडली आणि बूट ठेवला.

पहिल्या किकला सुरू झाली.

टाळ्या थांबल्या. रेस केल्यावर तो आवाज पत्र्याच्या शेडला जाऊन भिडला आणि आम्हा सगळ्यांच्या छातीत आला. साहेब काहीतरी म्हणाले, ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. तो शेडच्या मोठ्या दारातून बाहेर पडला आणि ट्रॅकला लागला. हेडलाइटच्या हारातली फुलं मागे उडत होती. आम्ही सगळे दारात धावलो. पेंट शॉपचा तो तीन तारेवाला इंजिनीअर सगळ्यात पुढे होता, आणि त्याने जी शिट्टी मारली ती मी विसरणार नाही.

पळून जायला फाटक उघडं होतं. तो गेला नाही. एक फेरी मारली, जशी रोज मारायचा तशी, वळणावर ब्रेक तपासत, सरळ रस्त्यावर हँडल क्षणभर सोडून गाडी कुठे ओढतेय का ते बघत. परत आला, इंजिन बंद केलं, गाडी स्टँडवर लावली आणि खिशातल्या फडक्याने टाकीवरची धूळ पुसली.

"ओके हाये," तो साहेबांना म्हणाला. "आता ठेवा काचंत."

साहेबांनी शब्द मागे घेतला. त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तरी घेतलाच असता, हे तोही म्हणाला. त्याने हात जोडले नाहीत, माफी मागितली नाही. शेवटच्या दिवशी बसमधून उतरताना फक्त इंजिनीअरला म्हणाला, "आता तरी एक तारा वाढवा." त्याने वाढवला. मी मोबाइलवर जाऊन बघून आले.

फ्लॅट त्याला सोडावा लागला. तो जालन्याला परत गेला, तिथे गाड्या दुरुस्तीचं दुकान टाकलंय, असं कळलं. फोन केला की अजून गेमवर भांडतो. बसमध्ये त्याच्या सीटवर आता स्कूटर लाइनची एक मुलगी बसते. चांगली आहे, पण मोशीच्या पुढे बस अडकली की सगळे आपापल्या मोबाइलमध्ये असतात आणि मला त्याची फार आठवण येते.

गाडी रिसेप्शनमध्ये आहे. समोर पितळेची पाटी लावली आहे: 'या मॉडेलची शेवटची गाडी. शून्य किलोमीटर.' पाहुणे येतात, पाटी वाचतात, फोटो काढतात आणि जातात. पाटी कार्यक्रमाआधीच बनून आली होती ती तशीच लागली, आणि काचेजवळ वाकून मीटर बघायला कोणी साहेब जात नाही.

नवीन माणूस कामावर आला की मी त्याला तिथे नेते. पाटी वाचू देते. मग डोळ्याखाली बोट टेकवते आणि म्हणते, वाक जरा. मीटरवर एक आहे.