मारुतीने चोला सोडला

दगड दिसला की माझा पाय अडतो, हे आमच्या घरात आता सगळ्यांनी मान्य केलं आहे. जुन्या वास्तू, कबरी, कोरीव अक्षरं यांचे फोटो काढायचे आणि स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या एका संकेतस्थळावर चढवायचे, हा माझा उद्योग. यजमान कागद कारखान्यातून निवृत्त झालेले. ते माझे बिनपगारी स्कूटरचालक. ‘लोक तीर्थयात्रा करतात, आम्ही थडगेयात्रा,’ असं येईल त्याला सांगतात, आणि निघताना हेल्मेट मात्र माझ्याआधी घालून उभे असतात.

असीरगडच्या रस्त्यावरच्या एका गावात, केळीच्या बागेच्या बांधावर एक मारुती होता. शेंदूर इतका जाड की नाकडोळे काहीच दिसत नव्हते. मी हात जोडले, फोटो काढला आणि देवस्थानांच्या यादीत चढवला. दोनच दिवसांत संकेतस्थळावर कुणीतरी लिहिलं, ‘मारुतीला इतके सरळ चार कोपरे? आत पहिल्या महायुद्धावर गेलेल्यांची पाटी असेल.’ अशा पाट्या इंग्रजांनी गावोगाव बसवल्या होत्या, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण शेंदूर दिसला की आपण हात जोडतो, कोपरे कुठे मोजतो?

बागेचा मालक माझ्याच वयाचा. त्याला जाऊन हे सांगितलं.

“ताई, गावातून तिघं लढाईवर गेले. दोघं वापस आले. आमचा पणजा नाही आला. लोक म्हणतात, बोटीवर चढायच्या आधीच पळाला. भगोड्याचं घर म्हणतात आम्हाले. मी शाळेत धावण्यात पहिला आलो, तं मास्तर म्हणे, खानदानीच पळणारे!”

हे तो हसत सांगत होता, पण मला काही हसू आलं नाही.

“मग शेंदूर काढून बघू या?”

“देवाले खरवडतात का, ताई? त्याचं मन होईन तवा तो चोला सोडीन.”

खरं होतं त्याचं. थरावर थर चढून शेंदराचं कवच एक दिवस आपोआप सुटतं. ते तापीत सोडायचं आणि दिवस मावळायच्या आत नवा शेंदूर चढवायचा, अशी रीत.

मी जन्माची उतावळी. तरी दोन वर्षं थांबले. एकदा पिशवीत उलथणं घालून निघाले होते. यजमानांनी पाहिलं आणि विचारलं, “मारुतीला थालीपीठ लावायचंय का?” मुकाट्याने परत ठेवलं.

यंदा भर उन्हाळ्यात बागवाल्याचा फोन आला. “ताई, चोला सोडला! लवकर या.”

पोहोचलो तोवर त्याने तापीच्या पाण्याने दगड धुऊन ठेवला होता. पाटीच होती! पण अक्षरं झिजलेली, आणि ऊन डोक्यावर, काही वाचता येईना. यजमानांनी स्कूटरचा आरसा काढला आणि बाजूने तिरका उजेड पाडला. अक्षरं उठून आली. इंग्रजी होती. मी एकेकावर बोट ठेवत मराठीत वाचलं, “या गावातून तीन माणसं महायुद्धावर गेली. त्यांपैकी एकाने प्राण दिले.”

“एकानं?”

“एकाने. दोघे तर परत आले होते ना?”

त्याने पाटीवर डोकं टेकलं आणि रडला. मीही रडले, लपवू कशाला? यजमानांच्या हातातला आरसा हलत होता, त्यामुळे पहिले सात-आठ फोटो वाया गेले. चांगला आला तो तिथूनच चढवला आणि जुनी नोंद दुरुस्त केली.

संध्याकाळी शेंदूर चढवायला गाव जमलं. माझा फोन हातोहात फिरला. पहिला हात गावातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाचा असतो. त्या म्हाताऱ्याने फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला, आणि शेंदराची वाटी बागवाल्याच्या हातात दिली.

त्याने बोटं बुडवली आणि तसाच थांबला. मग इतक्या मोठ्याने हसला की मी दचकले.

“ताई, मले भगोड्याचा म्हणे, अन् दर शनिवारी सारं गाव माह्या पणज्याच्या पाया पडे!”