ज्याचा काटा त्यानेच आणायचा

ते भांडण मी भाकऱ्या थापता थापता ऐकलं. आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत माझ्या नणंदेचा, म्हणजे वन्संचा, वजनकाट्यांचा कारखाना होता. आकडे दाखवणारे, बॅटरीवरचे काटे. माणसं आठ. मधली भिंत इतकी पातळ की कान लावायचं पाप मला करावं लागलं नाही.

"इंजिनिअर काय हमालीला ठेवलेत?" वन्संचे भागीदार म्हणत होते. "बिघडलेला काटा आणायला कुरियर आहे ना."

"कुरियर काटा आणेल. तो कोण वापरत होतं, कसा वापरत होतं, ते आणेल?"

"घुमी मोठ्या कंपनीत चालली आहे, ठाऊक आहे? ती गेली की आतली सर्किटं तुम्ही जोडणार?"

"मला दिवासुद्धा बदलता येत नाही."

"मग हा नियम बंद करा. ती गेली तर माझाही वाटा मी काढून घेईन. पुढे तुम्ही आणि तुमचं कुलूप."

नियम साधा होता. ज्याने काटा बनवला, त्यानेच तो बिघडला की गिऱ्हाइकाकडून उचलून आणायचा. घुमी ही त्यांची सर्किटवाली. बोलायची कमी म्हणून घुमी. हुशार पोर, पण ओझं घेऊन बसमध्ये उभं राहायचं म्हटलं की तिचं तोंड आंबायचं.

त्यातच एका बेकरीतून तिचा काटा तिसऱ्यांदा बिघडल्याचा फोन आला. दर वेळी काटा शून्यावर आणायचं बटण गेलेलं. घुमीने दोनदा जाड बटण लावून दिलं होतं.

"मी येते सोबत," वन्सं म्हणाल्या. "जायचंच असेल तर एवढं करून जा."

बेकरीत वन्संनी तिला एका डब्यावर बसवलं. "काही विचारू नकोस. नुसती बस."

बेकरीवाल्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. काट्याचं बटण दाबायची वेळ आली की तो बाबा कोपर मारायचा, आणि घाईत असला की लाटणं. घुमीला आधी हसू फुटलं, मग ती त्याच्या हातांकडे बघत राहिली.

"ताई, मी बोटांसाठी बनवला," ती परत येताना म्हणाली. "त्याची बोटं मोकळीच नसतात."

त्या आठवड्यात तिला कोणी काम सांगितलं नाही. स्वतःहूनच बसून तिने पायाने दाबायची पट्टी बनवली आणि मोठ्या ऐटीत बेकरीत लावून आली. दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याचा फोन. त्याचं मांजर पट्टीवर बसत होतं आणि पाव अर्धा तोलून होतो तोच काटा शून्यावर येत होता. भागीदारांनी कपाळाला हात लावला.

वन्सं म्हणाल्या, "मांजर किती वजनाचं आहे? आता ते धरून बनव."

रागावणं त्यांना येत नव्हतं असं नाही. आमटीत मीठ जास्त झालं तर मला तीन दिवस ऐकवायच्या, आणि स्वतःची चूक त्यांनी कधी कबूल केल्याचं मला आठवत नाही. पण नवं काही करताना कोणाचं फसलं तर ते त्या पोटात घालायच्या. मांजराच्या वजनाने दबणार नाही अशी दुसरी पट्टी झाली, तोवर मोठ्या कंपनीचं बोलावणं शिळं झालं होतं.

"गेली नाहीस गं?" मी विचारलं.

"काकू, तिथे मला कोण मांजर दाखवणार?"

मग बाकीच्यांनाही चेव आला. खोकी बांधणाऱ्या बाईने काट्याला उचलायची मूठ सुचवली. भागीदारही एकदा काटा आणायला गेले आणि आल्यावर तासभर तेच बोलत होते. वाटा काढायचा विषय पुन्हा निघाला नाही.

कित्येक वर्षांनी, कारखाना घुमीच्या हाती आल्यावर, भाजीच्या दुकानातून फोन आला. काटा घुमीचाच होता. वन्संना तेव्हा जिना चढताना दोनदा थांबावं लागायचं.

"ताई, तुम्ही बसा. मी आणते."

"तू तर जाणारच, तुझाच आहे. मी बघायला येते."

त्यांची ती शेवटची खेप. मला भाजी घ्यायची होती म्हणून मीही गेले. वन्सं कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. घुमी उभी राहून, दुकानदारीण ओल्या हातांनी काट्यावर पालेभाजी आपटते कशी ते बघत होती. कोणी कोणाला काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने घुमी काटा उचलायला वाकली, तशा वन्संनी कुरकुरत उठून त्याची एक बाजू धरली.