क्रोमोसर

पाठ केलेलं उत्तर ऐकलं की क्रोमोसरांचा चेहरा आमटीत पाल सापडल्यासारखा व्हायचा. पोरगं न अडखळता व्याख्या म्हणायचं आणि शाबासकीची वाट बघत उभं राहायचं. सर नाकाला रुमाल लावून म्हणायचे, "उत्तर बरोबर हाय, पण वास येऊन राहिला. न चावता गिळलंय तू." लातुरातल्या ज्या खासगी क्लासमध्ये आम्ही दोघं नोकरीला होतो, तिथे गिळण्यालाच भाव होता. मी रसायनशास्त्र शिकवायचो, ते जीवशास्त्र. क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रं, हा त्यांचा लाडका धडा. म्हणून पोरांनी हे नाव पाडलेलं.

मूळचे ते इस्लापूरचे. किनवटच्या वसतिगृहात राहून शिकलेले. वर्गात पुस्तकी बोलणं त्यांना कधी जमलं नाही, आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. रक्ताच्या कर्करोगाचा भाग आला की माझा तास नसला तर मी मागच्या बाकावर जाऊन बसायचो. लाल आणि निळा खडू मोडून ते शेंडे अदलाबदल करून दाखवायचे. "हे नऊ नंबरचं गुणसूत्र, हे बावीसचं. दोन्ही तुटले अन् चुकीच्या जागी चिकटले. नऊवरचं एक जनुक गुमान राहणारं. बावीसवर गेलं, तिथल्या जनुकाला जुडलं, अन् पेशीला हुकूम देत सुटलं, वाढा, वाढा. थांबा म्हणणारं कुणी न्हाई."

मग त्यांचीच कॉलर ढिली होऊ लागली. डाव्या बरगडीखाली जड वाटायचं, शिकवताना धाप लागायची. रक्तात पांढऱ्या पेशी अफाट वाढलेल्या निघाल्या. पुढची तपासणी झाल्यावर स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसून म्हणाले, "नऊ अन् बावीसच हाय. इतकी वर्षं फळ्यावर काढलं, आता हाडात निघालं."

रोजची गोळी सुरू झाली आणि ती लागूही पडली. सकाळी डोळे सुजायचे, पोटऱ्यांत गोळे यायचे, पण तास त्यांनी चुकवला नाही. त्यांना खरा त्रास झाला तो माणसांचा. स्टाफरूममध्ये त्यांचा कप वेगळा ठेवला गेला. फिजिक्सच्या सरांनी कुठल्याशा बाबाचा अंगारा आणून दिला आणि मागच्या जन्माचं काहीतरी सांगितलं. सरांनी ती पुडी चिमटीत धरून कचऱ्याच्या टोपलीत टाकली. "पेशीची नक्कल करताना चूक झाली. त्याला हे पाप म्हणून राहिलेत. अन् विज्ञानाचे मास्तर हायत."

पण त्याहून घाण प्रकार पुढे झाला. ऐन प्रवेशाच्या दिवसांत चौकात क्लासचं मोठं फ्लेक्स लागलं. 'मृत्यूशी झुंज, तरी विद्यार्थ्यांसाठी हजर!' खाली सरांचा फोटो, आणि डोक्यावर एक केस नाही. सरांचे केस दाट होते. मी त्यांच्याबरोबर संचालकांच्या केबिनमध्ये गेलो.

"माझं टक्कल कुणी केलं?"

"डिझाइनवाल्यानं. मीच सांगितलं," संचालक हसत म्हणाले. "केस असले की आजारी वाटत नाही, सर. लोकांच्या काळजाला भिडायला पाहिजे. चौकशा बघा किती वाढल्यात."

"माझ्या गोळीनं केस जात न्हाईत. जीवशास्त्राच्या मास्तराचं चित्र लावलंत, अन् तेच खोटं."

"एवढं कोण बघतं, सर?"

सर बाहेर आले आणि बेसिनवर बराच वेळ हात धूत राहिले. दुसऱ्या दिवसापासून ते क्लासला आले नाहीत. बिऱ्हाड उचलून इस्लापूरला गेले आणि किनवटच्या एका वसतिगृहातल्या मुलींना शिकवू लागले. फोनवर सांगायचे, "हितल्या पोरी दर उत्तरावर लई भांडतात. मजा येऊन राहिली."

काही वर्षं अशी बरी गेली. मग एकदा त्यांचा आवाज बारीक आला. "त्या पेशींनी अजून एक चूक केली. जिथं गोळी बसायची ती खाचच बदलली. आता गोळीला बसायला जागा न्हाई." डॉक्टरांनी औषध बदललं, पण तोवर आजार हाताबाहेर गेला होता. नांदेडच्या दवाखान्यात ते गेले.

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी इस्लापूरला गेलो. बाहेर मांडवात त्यांचे एक चुलतभाऊ सरांच्या पत्नीला, वहिनींना, सांगत होते, "पोरीच्या सोयरिकीत ह्या दुखण्याचं नाव काढू नका. जनुकाचं हाय म्हणे. म्हंजे रक्तातलंच. उद्या तिलाबी." सरांची मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी होती. तिने मान खाली घातली.

वहिनी आमच्यासमोर कधी फार बोलायच्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, त्यांच्या हाडातल्या एका पेशीत ती चूक झाली. मोठेपणी झाली, जन्मापासूनची न्हाई. बापाकडून लेकीकडं जात न्हाई ती. सोयरिकीत मी स्वतः सांगणार हाय, ते कशानं गेले."

"आम्हाला काय कळतंय त्यातलं," भाऊजी पुटपुटले.

"मग विचारायचं," वहिनी म्हणाल्या.

मुलीने तांब्या चुलत्यापुढे ठेवला आणि आईला चिकटून बसली.