जरा खाली जाणारा ब्रेक

घड्याळवाले काका तसे कुणाच्या अध्यात ना मध्यात. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करायची आणि सुट्टीच्या दिवशी आपली दोन सीटची जुनी लाल स्पोर्ट्स कार बाहेर काढायची, एवढंच काय ते व्यसन. काकू त्या गाडीला सवत म्हणायच्या, पण फिरायला निघायचं म्हटलं की चपला घालून आधी हजर!

गाडीचा ब्रेक जरा खाली जाऊन मग लागायचा. तेवढ्यात काकू डाव्या सीटवरून स्वतःचाच पाय खाली गच्च दाबायच्या आणि काकांचा दंड धरायच्या. "अहो, दाबा की!" त्यांच्या टाचेखालचा गालिचा पार झिजला होता.

काकू गेल्या, त्याला वर्ष होत आलं. ब्रेक खाली गेला की काकांचा डावा दंड अजून वाट बघायचा.

परवा गॅरेजमध्ये मिस्त्रींनी गाडी वर उचलली आणि कपाळाला हात लावला. चाकांकडे ब्रेकचं तेल नेणाऱ्या रबरी नळ्यांना भेगा पडल्या होत्या. "काका, स्वतःच्या जिवावर उठलात की काय?"

त्यांनी बाकावर नव्या नळ्यांचे दोन जोड मांडले. एक साध्या रबराचा, दुसरा वरून स्टीलची जाळी विणलेला. "हा जाळीचा घ्या. तेलाचा दाब आला तरी फुगत नाही. पाय ठेवला की गाडी जागच्या जागी."

आता शहाण्या माणसानं यात विचार काय करायचा? पण काकांचं घोडं भलतीकडेच अडलेलं. "पहिल्यासारखा जरा खाली जाऊन लागेल, असा कुठला?"

"त्यातल्या त्यात रबराचा," मिस्त्री गोंधळून म्हणाले.

"मग तोच बसवा."

नळ्या बसल्या, तेल भरलं. मिस्त्री डाव्या सीटवर बसले आणि दोघं चक्कर मारायला निघाले. वळणावर काकांनी ब्रेकवर पाय ठेवला, तशी गाडी लगेच थांबली.

"खाली नाही गेला," काका म्हणाले.

"कसा जाईल? जुनं रबर मऊ पडून फुगायचं, म्हणून जायचा. नव्यात ती भानगडच नाही."

काकांनी डावा दंड जरा चोळला आणि गाडी पुढे काढली. तेवढ्यात एक सायकलवाला आडवा घुसला. काकांनी ब्रेक दाबला. मिस्त्रींचाही पाय नकळत खाली दाबला गेला, नेमका झिजलेल्या गालिच्यावर.

सायकलवाला निघून गेला, तरी काका त्या पायाकडेच बघत होते.

"मिस्त्री," ते हळूच म्हणाले, "पाय तेवढा बाजूला घ्या."