गोठ्याचं पाणी केळीला

...आणि विहिरीचं वय झालंय, एवढंच मी म्हणत होतो. यात आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, टोचण्यासारखं काय होतं? पावसाळ्यापासनं आमचं हेच चाललेलं. मी सुरतेहून फोन करायचा, विहीर बुजवा, बोअर मारा, पाणी शुद्ध करायचं मशीन बसवा. आप्पा म्हणायचे, आधी तुझं काँक्रीट उपट. मधल्या मधे आई. दर पंधरा दिवसांनी तिचं पोट बिघडायचं. जुलाब, ताप, सलाईन, चार दिवस बरं, की परत तेच. व्हिडिओ कॉलवर तिच्या गालाची हाडं दिसायला लागली तसा मी रजेचा अर्ज टाकला. म्हटलं, आईला बेळगावला चांगल्या डॉक्टरला दाखवायचं आणि आप्पांशी भांडण समोरासमोर मिटवायचं.

मी सुरतेत कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर आहे. शिक्षण सातवी, तेव्हा लिहिण्यात चुका सापडल्या तर पोटात घाला.

सुरतेहून दुपारी चारची स्लीपर, तिकीट तेराशे. निपाणीला उतरायचं असेल तर चढतानाच ड्रायव्हरला सांगून ठेवा, नाहीतर तो तुम्हाला झोपेत संकेश्वर दाखवतो. सकाळी कागल सुटलं, कोगनोळीचा टोलनाका आला. तिथनं पाट्या कानडी होतात, ऊस मात्र तोच राहतो. निपाणीच्या स्टँडसमोर उप्पीट आणि चहा चाळीस रुपयांत झाला. गावच्या बसला ही गर्दी. कंडक्टर आधी कानडीत ओरडला, "मुंद होगरी, मुंद!" कोणी हललं नाही तसा मराठीवर आला, "सरका की पुढं! जावई आल्यासारखं काय उभारलायसा!" सगळी बस हसली आणि सरकली.

घरी पोचलो तेव्हा आई विहिरीवर पाणी गाळत होती. आम्ही जैन, त्यामुळं दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय आमच्यात पाणी पीत नाहीत. गाळून झालं की फडकं उलटं धरायचं, त्यावर गाळलेलं पाणी ओतायचं आणि फडक्यावर राहिलेले बारीक जीव त्याच विहिरीत सोडायचे. तेही वरनं फेकायचं नाही, बादली पाण्यापर्यंत हळू सोडायची. दोन बादल्यांतच आई कट्ट्याला टेकली.

"अंगात ताकद न्हाय, तरी हे करतीस व्हय?"

"विहिरीतले हैत, विहिरीत गेले पायजेत. आमचं दुखणं त्यांना कशाला?"

आप्पा गोठ्यातनं म्हणाले, "आला व्हय इंजिनेर? तुझी फरशी बघ, म्हशी घसरत्यात तिच्यावरनं."

ही फरशी म्हणजे गेल्या दिवाळीत मी पाठवलेल्या पैशातनं घातलेलं अंगणातलं काँक्रीट. गोठ्यापासनं विहिरीच्या कट्ट्यापर्यंत एकदम गुळगुळीत. त्याचा फोटो मी आठवडाभर स्टेटसला ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन बेळगाव. निपाणीहून गाड्या भरपूर, दीड-पावणेदोन तास लागतात. कर्नाटकात सरकारी बस बायकांना फुकट, त्यामुळं आईचं आधार कार्डावर भागलं, मला शंभराच्या वर. वंटमुरीच्या घाटात खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका, पाऊस उघडल्यावर डोंगर धुतल्यासारखे दिसतात. आई मात्र घाटभर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती. एवढं हलकं डोकं मी कधी बघितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई वयस्कर, शांत. तपासण्या केल्या, औषध लिहिलं आणि मग पेन खाली ठेवलं.

"घरात आणखी कोणाचं पोट बिघडतं?"

"न्हाय. आप्पा दिवसभर मळ्यात असतात. तिथल्या बोअरचं पाणी पितात."

"आणि या?"

"विहिरीचं. गाळून," आई पटकन म्हणाली.

"चांगली सवय आहे, आक्का. पण रोगाचे जंतू फडक्यात अडकत नाहीत. उकळा." मग माझ्याकडं वळून, "गोळ्या मी देते. पण त्या विहिरीत काय येतंय ते कोण बघणार? पोट दुरुस्त करून परत त्याच पाण्यावर पाठवायचं, असं किती दिवस?"

मला वाटलं, झालं, बाई माझ्याच बाजूच्या. येताना आईनं स्टँडजवळ पाव किलो कुंडा, ती बेळगावची दुधाची मिठाई, घेतला. स्वतःला नको, आप्पांना आवडतो म्हणून. बसमध्ये डबा मांडीवर धरून बसली आणि दोनदा झाकण उघडून नुसता वास घेतला.

परतीच्या वाटेवर मला एक गोष्ट खायला लागली. बॉयलरवर पहिल्याच दिवशी आमच्या मिस्त्रीनं शिकवलं होतं, "वाफ कुठनं येते ते सगळे विचारतात. तू जाते कुठं ते विचार." एखादी लाईन कोणी बंद केली की मी अख्खा कारखाना डोक्यावर घेतो, कारण दाब दुसरीकडं निघतोच. आणि घरी? गोठा धुतलेलं पाणी पूर्वी एका चरातनं मागच्या केळीला जायचं. डास होतात म्हणून तो चर मीच बुजवायला लावला, केळी काढायला लावली. गवंड्यानं फोन करून विचारलं होतं, "अजितराव, उतार कुठं देऊ?" मी शिफ्टवर, कानात बॉयलरचा आवाज. म्हटलं, दे कुठं बी, दिसायला सपाट पायजे.

तिसऱ्या दिवशी सकाळी बादलीभर पाण्यात मूठभर हळद कालवली आणि गोठ्याच्या तोंडाशी ओतली.

आप्पा बघतच राहिले. "हळद लावतोस? लगीन कुणाचं, विहिरीचं?"

पिवळा ओघळ सपाट फरशीवरनं, कोणी बोलावल्यासारखा, नीट विहिरीकडं गेला. कट्ट्याच्या बुडाशी, उन्हाळ्यात काँक्रीट सुटून भेग पडलेली, तिथं तो नाहीसा झाला. मी पालथा पडून विहिरीत वाकलो. आतल्या दगडावरनं पिवळी रेघ खाली उतरत होती.

आप्पाही वाकले. मला वाटलं, आता ऐकवतात. वर्षभराचं साठलेलं होतं. पण ते उठले, हात झटकले आणि एवढंच म्हणाले, "फोटोत लई झकास दिसलं मात्र."

"आप्पा, चुकलं माझं."

"तुझं एकट्याचं न्हाय रं. मी नुसतं 'उपट' म्हणत बसलो, कशापायी ते मला तरी कुठं सांगता आलं?"

आईनं चुलीवर पाणी उकळायला ठेवलं होतं. तिथनंच म्हणाली, "गोठ्याचं केळीला, विहिरीचं विहिरीला. एवढंच होतं की."

त्या दिवशी आम्ही दोघांनी चिखल आणि दगड लावून पाणी तेवढं दुसरीकडं वळवलं. पंप लावून विहीर उपसली. विहिरीचं पाणी तपासून येईपर्यंत उकळल्याशिवाय प्यायचं नाही, असं आईकडनं कबूल करून घेतलं. रजा संपली होती. निघताना आप्पांनी पिशवीत शेंगा कोंबल्या आणि बस हलल्यावर खिडकीवर थाप मारून म्हणाले, "आता कायबी बांधायचं असलं तर आधी ये, मग बांध."

सुरतेला येऊन तीन आठवडे झाले. आईचं पोट एकदाही बिघडलेलं नाही. काल व्हिडिओ कॉलवर गाल थोडे भरल्यासारखे वाटले, का मलाच तसं बघायचं होतं, कुणास ठाऊक. बॉयलरच्या काचेतली पाण्याची रेघ बघताना ती दगडावरची पिवळी रेघ दिसते. मशीनसाठी मी पैसे साठवत होतो. मशीन राहू दे.

आप्पा, पैसे पाठवतोय ते असे: फरशी फोडायची मजुरी, चर परत खणायचा, केळीचे सहा कंद, आणि पाव किलो कुंडा. तो आईनं स्वतः खायचा. सगळे मिळून सात हजार तीनशे.