गाडीच्या पोटाला लोखंडी परात: सोलापूर ते उजनीचा फुगवटा

मार्चमध्ये मैत्रिणीनं उजनीच्या फुगवट्यावरच्या रोहित पक्ष्यांचा फोटो पाठवला आणि माझी चुळबुळ सुरू झाली. नुसतं गुलाबी पाणीच दिसत होतं हो! पण फोटोखाली तिनं लिहिलं होतं, "शेवटचे तीन किलोमीटर रस्ता नाही, गाडी जपून." तिथंच माझं घोडं अडलं.

कारण गेल्या वर्षीचा प्रताप. वळसंगकडच्या एका ओढ्यात मी माझी छोटी एसयूव्ही झोकात घातली आणि खालच्या दगडानं ऑइलचं चेंबर फोडलं. ट्रॅक्टरनं ओढत आणावी लागली. माझा नवरा शिवानंद तसा शांत माणूस, पण संतापला की कानडीत शिरतो. "साकु!" म्हणाला, म्हणजे पुरे. "पुन्हा एकदा खाली काही झालं, तर गाडी विकायची. नंतर मी ऐकलं नाही म्हणू नकोस."

आता ही गाडी मी माझ्या पगारातून घेतलेली, आयुष्यातली पहिली. हिच्यामुळे मी मनात आलं की उठते आणि निघते. ती विकायची ही कल्पनाच मला सोसेना. पण रोहित बघायचेच होते. मग ठरवलं, आधी गाडीच्या पोटाला पत्रा मारायचा आणि मगच जायचं.

तुम्हीही असा विचार करत असाल तर माझी शोधाशोध ऐका. कंपनीकडून येतं ते प्लॅस्टिकचं कव्हर, ते फक्त चिखलाचे शिंतोडे अडवतं, दगडापुढं त्याचं काही चालत नाही. अॅल्युमिनियमची स्किड प्लेट हलकी आणि न गंजणारी, पण पुण्याहून मागवायची, महिनाभर वाट बघायची. तोवर रोहित थांबतात होय? राहिला लोखंडी पत्रा. तीन मिलिमीटर जाडीचा, वजन पंधरा किलोच्या आसपास, इथल्या इथं चार दिवसांत तयार आणि फिटिंगसकट पाच हजारांच्या आत. वजनामुळं पुढची बाजू किंचित बसते, हे मात्र लक्षात ठेवा. माझी नणंद वैशाली ब्लाऊज शिवते, तिची टेप आणून आम्ही आधी आणि नंतर उंची मोजली. पत्रा आणि वजन धरून दोन बोटं गेली.

अक्कलकोट रोडला रफीकभाई ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. त्यांनी गाडी वर घेतली आणि पत्रा थेट सांगाड्याला कसा बोल्ट करायचा ते दाखवलं. मग म्हणाले, "मॅडम, तळाला आठ-दहा भोकं पाडतो, और पीछे खुला छोडतो. आत गेलेलं बाहेर पडलं पायजे."

मी म्हटलं, "भोकं मुळीच नकोत. आपली काळी माती, सगळा चिखल वर चढेल. उलट चारी कडा वर मुडपा, परातीसारख्या. बाजूनं खडासुद्धा शिरायला नको."

"परात आटा गूंधने को ठीक है मॅडम, गाडीला कशाला?"

पण मी कुठली ऐकतेय! आमच्या स्वयंपाकघरात कणकेपासून कडक भाकरीपर्यंत सगळं परातीत, काठ उंच असला की काही सांडत नाही, एवढंच माझ्या डोक्यात. शेवटी त्यांनी मान हलवत मुडपल्या कडा. ऑइल काढायच्या बोल्टखाली एक झाकणाचं भोक मात्र माझं न ऐकता ठेवलं.

रविवारी पहाटे साडेपाचला मी आणि वैशाली निघालो. सोबत शेंगा चटणी, कडक भाकरी, दही. पुणे हायवे म्हणजे लोण्यासारखा, मोहोळला चहा, टेंभुर्णीला पोहे, साडेसातला आम्ही आत वळलो. वळल्यावर दोन्ही बाजूंना ऊस आणि केळी, समोर मोळ्यांनी खचाखच भरलेल्या ट्रॉल्या. त्यांना ओव्हरटेक करायच्या फंदात पडू नका, मागं राहा आणि गाणी ऐका.

डांबर संपलं आणि खरी मजा सुरू झाली. पाण्याकडं उतरणारा दगडगोट्यांचा उतार होता. मी पहिला गिअर टाकला, श्वास रोखला, आणि खालून "खण्ण!" असा आवाज आला. वैशालीनं डोळे मिटून घेतले. मी उतरून आडवी झाले, खाली पाहिलं. पत्र्याला ओरखडा आणि इवलासा पोचा, तेलाचा थेंबसुद्धा नाही! मी त्या उतारावर चक्क नाचले. "वहिनी, लोक बघताहेत," वैशाली म्हणाली. बघेनात का, माझी गाडी वाचली होती!

पुढं तोडणी झालेल्या उसाच्या रानातून वाट होती. जमिनीवर वाळलेल्या पाचटाचा गुडघाभर थर. करकर आवाज करत गाडी त्यातून मस्त निघाली. काठावर उभ्या उसाच्या कडेला गाडी लावली आणि समोर बघते तो काय, रोहितच रोहित! उथळ पाण्यात माना खाली घालून शेकडोंनी चरत होते. एक थवा उडाला आणि पंखांखालचा तो गुलाबी-काळा रंग बघून मला रडूच आलं. खोटं कशाला सांगू, मी कॅमेराच विसरले.

तिथं होडी चालवणारे तात्या होते, तासाला सहाशे रुपये. होडी ढकलता ढकलता ते थांबले आणि नाक वर करून हुंगायला लागले.

"ताई, गाडीखालनं धूर येतोय की!"

मी वळले. माझ्या गाडीच्या पोटातून पांढरा धूर निघत होता. क्षणात सगळं कळलं. मुडपलेल्या कडांनी वाटभरचं पाचट परातीत गोळा केलं होतं आणि वर तापलेला सायलेन्सर. खाली पडायला एकसुद्धा उघडं भोक नव्हतं.

"लांब व्हा दोगी बी!" तात्या ओरडले. "शेजारचा ऊस उभा हाय, ठिणगी पडली तर समदं रान जाईल." त्यांनी काठावरच्या पाण्याच्या मोटारीचं बटण दाबून पाहिलं. "लाईट न्हाय बगा." मग होडीतलं पाणी उपसायचा डबा आणि दोन बादल्या घेऊन ते धावले. वैशाली आणि मी बादल्या भरून देत होतो, तात्या पत्र्यावर पाणी मारत होते आणि बाभळीच्या आकडीनं जळकं पाचट ओढून काढत होते. गाडी जाते की राहते यापेक्षा कुणाचा वर्षाचा ऊस माझ्या हट्टापायी जाईल, याचीच जास्त भीती वाटली.

दहा मिनिटांत धूर थांबला. एक वायर थोडी वितळली होती, बाकी सगळं शाबूत.

"असली परात कुणी बसवली?" तात्यांनी विचारलं.

"मीच सांगितली होती."

"आमी ट्रॉलीखालचं पाचट रोज काढतो. तुमास्नी कुणी सांगितलं न्हाय व्हय?"

"सांगितलं होतं हो," मी म्हटलं. "ऐकलं नाही."

मग होडीत बसलो. एवढ्या प्रसंगानंतरही रोहितांच्या अगदी जवळ गेल्यावर मी लहान मुलीसारखी खूष झाले. दुपारी तात्यांच्या घरी जेवलो. घरचे सगळे चिलापी माशांवर ताव मारत होते आणि आम्हा दोघी शाकाहारींसाठी काकूंनी वांग्याचं भरीत केलं. तिखट, पण काय चव! दर अर्ध्या तासानं मी उठून गाडीखाली बघून येत होते.

परतताना वैशाली म्हणाली, "दादाला धुराचं सांगू नका. खाली काही झालं तर विकायची म्हणालाय ना."

घरी पोचलो तर शिवानंद टॉर्च घेऊन तयारच. गाडीखाली सरकला, पोचा बघितला, चेंबरला हात लावला. "कोरडं आहे," म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की मला लपवणं जमेना. मी सगळं सांगितलं. वैशालीनं चिमटा काढला तरी सांगितलं.

त्यानं ऐकून घेतलं, माझ्या हातातून किल्ली घेतली आणि चहासुद्धा न पिता गाडी घेऊन गेला.

मी ओट्याशी उभी राहिले. ओढणीला जळक्या पाचटाचा वास येत होता. डोळ्यांपुढं मात्र तो गुलाबी थवाच उडत होता, आणि आता पुन्हा असं कधी जायला मिळणार, या विचारानं मी मुसमुसून रडले.

दीड तासानं तो आला, शर्ट काळाकुट्ट. रफीकभाईंना रविवारी दुकान उघडायला लावलं होतं. पत्रा काढला, मागची कड कापली, तळाला दहा भोकं पाडली, वायर बदलली. त्यानं किल्ली माझ्यासमोर ठेवली.

"विकायचं काय झालं?" मी विचारलं.

"विकली तर तू कुणाच्याही गाडीतून जाशील," तो हात धुवत म्हणाला. "त्या गाडीखाली कोण बघणार?"