अर्ध्यावर ठेवलेला डाव

धामापूरच्या तळ्याजवळ राहणाऱ्या गुरुदासाला विचारा, बाबा रे, तुझ्या घरातली सगळ्यात जपून ठेवलेली वस्तू कोणती? तो बायकोच्या दागिन्यांचं नाव घेणार नाही. माजघराच्या कोपऱ्यातल्या जुनाट कॉम्प्युटरकडे बोट दाखवील. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून त्या खोक्याशेजारी दिवसभर बल्ब जळत असतो. बायको, तुळसा, करवादते, "माझ्या पापडांका असो बल्ब कधी लावल्यात काय?" गुरुदास ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

त्या खोक्यात एक खेळ आहे. आताची पोरं पाहतील तर हसून लोळतील. चित्र नाही, आवाज नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. ईमेलच्या पत्त्यात असतं ते ॲटचं चिन्ह म्हणजे आपला गडी. झेड म्हणजे चालतं मढं, डी म्हणजे आग ओकणारा ड्रॅगन. गड्याने भुयारात खाली खाली उतरत जायचं आणि तळाचा ताईत घेऊन वर यायचं. डाव हवा तिथे थांबवून ठेवता येतो, पण गडी एकदा मेला की मेला. कसली दयामाया नाही. पुन्हा पहिल्या पायरीपासून नवा.

कुडाळच्या कॉम्प्युटर क्लासात हा खेळ गुरुदास आणि त्याचा चुलतभाऊ ओंकार दोघे मिळून शिकले. बटणं ओंकार दाबायचा आणि गुरुदास पाठीमागून बोंबलायचा, "पळ रे, पळ! झेड इलो!" पुढे ओंकार नोकरीला मुंबईला गेला, गुरुदास काजू-आंब्यात राहिला. मग डाव फक्त गणेशचतुर्थीला, ओंकार गावी येई तेव्हा. एकच गडी, वर्षानुवर्षं जिवंत ठेवलेला.

आता खरं सांगायचं तर गुरुदास लबाड. ओंकार निघायच्या दिवशी तो डाव नेमका रंगात आला की थांबवायचा. "ऱ्हवांदे आता. अर्ध्यार ऱ्हवला म्हणजे फुडल्या वर्षी येवचाच लागतला." वर्षभर तो स्वतः त्या गड्याला हात लावायचा नाही. न जाणो, मेलाबिला तर ओंकार कशासाठी येणार? 'तुझी आठवण येते' असं काही बोलायची त्या घरात कोणाला सवयच नव्हती.

तरी व्हायचं ते झालंच. एका चतुर्थीला ओंकारला ऑफिसचं काम निघालं, पुढच्या वर्षी मुलीची परीक्षा, त्याच्या पुढच्या वर्षी नुसताच फोन. गुरुदास फोनवर म्हणायचा, "ड्रॅगन दाराभायर उभो आसा हां!" ओंकार हसायचा.

यंदा मात्र तो आला, दोन दिवसांसाठी. गुरुदासाचा आनंद काय सांगावा! गणपती विसर्जन करून आल्या आल्या त्याने कॉम्प्युटरसमोर स्टूल मांडलं. ओंकार मुकाट बसला.

"पळायचं बटण कुठलं रे?" त्याने विचारलं.

गुरुदास पाठीमागून ओरडला, "आधी पाठी घे! दार उघडू नको—"

ओंकारने दार उघडलं होतं. डीने आग ओकली आणि पडद्यावर अक्षरांचं थडगं उभं राहिलं.

"चला, सुटला बिचारा," ओंकार आळस देत म्हणाला. "नवा सुरू कर आता."

गुरुदासाने कॉम्प्युटर बंद केला. कुडाळ स्टेशनला जायची रिक्षा अंगणाबाहेर येऊन उभी राहिली, ओंकारने बॅग आत टाकली, तेव्हा मात्र गुरुदासाला राहवलं नाही.

"गेम मरांदे रे. माका गेम कधीच नको होतो. माका तू व्हयो होतस."

ओंकार रिक्षात चढता चढता थांबला.

"अरे, मग हे आधी सांगायचंस ना! मला वाटलं, तुला त्या खेळाचंच वेड. आल्याबरोबर तू मला त्या खोक्यासमोर बसवायचास. सगळी सुट्टी तिथेच जायची. मला तळ्यावर जायचं असायचं रे, तुझ्याबरोबर, नुसतं गप्पा मारत बसायला. तुझं मन मोडू नये म्हणून बोललो नाही. आणि मग म्हटलं, न गेलेलंच बरं."

गुरुदासाने त्याचं मनगट धरलं. "चल मगे. आत्ता चल. हंयच तर आसा तळा."

रिक्षावाल्याने हॉर्न दिला. ओंकारने घड्याळ बघितलं, मग गुरुदासाकडे बघितलं.

"गाडी चुकेल रे," तो म्हणाला आणि हलकेच हात सोडवून आत बसला.

रिक्षा वळणाआड गेली तरी गुरुदास तिथेच उभा. तुळसा बाहेर आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली.

"तेका तळ्यार जावचा होता गो," गुरुदास म्हणाला. "दर वर्षी तेका तळ्यार जावचा होता."